एएलपी वाढलं म्हणजे लिव्हर खराबच, असं नाही

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यांत लेकराच्या रिपोर्टवर ‘अल्कलाइन फॉस्फेटेज (म्हणजेच एएलपी) ३५०’ दिसलं, की काविळीचा झाडपाला सुरू होतो. कृपा करून असं करू नका. हे एन्झाइम यकृताच्या पित्तनलिकांत असतं, तसं हाडं घडवणाऱ्या पेशींतही. मोठ्यांची मर्यादा साधारण ४० ते १३० युनिट प्रति लिटर. वाढत्या मुलांत दुप्पट-तिप्पट आकडा स्वाभाविक. रिपोर्टवर मात्र अनेकदा मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते. गरोदरपणी शेवटच्या तिमाहीत वारेमुळेही तो चढतो.

मोठ्या माणसात वाढलं तर जीजीटी हे यकृत-पित्तमार्गाचं दुसरं एन्झाइम रक्तात तपासा. तेही वाढलेलं असेल तर दोष पित्तमार्गाकडे. नॉर्मल असेल तर बहुधा हाडांकडे, मग कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व पाहायचं. रक्त उपाशीपोटी द्या, तेलकट जेवणानंतर काहींचा आकडा उगाच वाढतो.

डोळे पिवळे, लघवी गडद असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा.