स्मार्ट कुलूप घेताय? आधी लॅच आणि डेडबोल्ट वेगळे ओळखा

दुकानात स्मार्ट कुलूप बघायला गेलं की विक्रेता बोट लावून दाखवतो, पिन टाकून दाखवतो, मोबाइलवरून उघडून दाखवतो. दाराच्या कडेतून बाहेर काय येतं ते मात्र आपल्यालाच विचारावं लागतं. चोर अडतो तो तिथेच.

डिस्प्लेवरच्या कुलपाची कडेची जीभ बोटाने दाबून बघा. टोक तिरकं कापलेलं असेल आणि दाबल्यावर ती आत जात असेल, तर ते लॅच. मागे स्प्रिंग असते, म्हणून दार लोटलं की तिरकी बाजू चौकटीवरच्या धातूच्या पट्टीवर घासत आत जाते आणि पट्टीतल्या भोकासमोर आली की टक्‌कन बाहेर पडते. डेडबोल्ट म्हणजे भरीव दांडा, मागे स्प्रिंग नाही. किल्ली, आतली कळ किंवा मोटर फिरली तरच तो सरकतो. एकदा बाहेर आला की कितीही दाबा, मागे जात नाही. जुन्या वाड्यांच्या दारामागे भिंतीतल्या खोबणीतून सरकवायचा लाकडी अडसर असायचा, त्याच जातीचं हे काम.

घोटाळा होतो तो दोन्ही एकाच पेटीत आल्यामुळे. हँडल असलेल्या बऱ्याच स्मार्ट कुलपांत लॅचही असतं आणि डेडबोल्टही. दार ओढलं, बीप वाजली, की घरातले निश्चिंत होऊन निघतात. पण काही मॉडेलांत त्या बीपचा अर्थ इतकाच असतो की बाहेरचं हँडल आता नुसतं फिरेल आणि दार लॅचवर अडकलेलं आहे. डेडबोल्टसाठी हँडल वर उचलावं लागतं किंवा वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणून थेट विचारा, ‘ऑटो-लॉक झाल्यावर डेडबोल्ट आपोआप बाहेर येतो का?’ आणि उत्तर ऐकून न थांबता समोर करून बघा. माझ्या मते पूर्ण खरेदीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

नुसत्या लॅचवर विसंबणं का धोक्याचं? दार आणि चौकट यांच्यात फट असेल तर प्लॅस्टिकचं कार्ड सारून तिरकी जीभ मागे ढकलता येते. चांगल्या लॅचला शेजारी एक छोटी खुंटी असते. दार बंद असताना ती दाबलेली राहिली की जीभ मागे सरकत नाही. पण पट्टी चुकीची बसवली आणि खुंटीही भोकात पडली, तर हे संरक्षण संपलं.

लॅचचा दुसरा त्रास आपल्या फ्लॅटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. दूध घ्यायला बाहेर पाऊल टाकलं, वाऱ्याने दार आपटलं, आत गॅसवर कुकर. साध्या डेडबोल्टवर असं होत नाही, कारण दार आपटून तो लागत नाही. स्मार्ट डेडबोल्टमध्ये ठरावीक सेकंदांनी ऑटो-लॉक असेल, तर दार खरंच बंद आहे का हे ओळखणारा सेन्सर हवाच. नाहीतर उघड्या दारातच दांडा बाहेर येतो आणि दार लोटताना चौकटीवर आदळतो.

डेडबोल्टची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात. लॅच थोडा वाकडेपणा चालवून घेतं, डेडबोल्टला भोक बरोबर समोर लागतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लाकडी दार फुगतं, चौकटीला घासू लागतं. आपण दार ओढून धरतो आणि किल्ली फिरवतो. मोटरला तसं ओढता येत नाही. दांडा अर्ध्यात अडकतो, मोटर पुन्हा पुन्हा जोर लावते आणि बॅटरी उतरते. आधी सुताराकडून बिजागऱ्या आणि दाराची कड नीट करून घ्या, मग कुलूप. चौकटीतलं भोक दांड्याच्या पूर्ण लांबीइतकं खोल हवं आणि पट्टीला चौकटीत खोलवर जाणारे स्क्रू हवेत. आखूड स्क्रू लाथेबरोबर उपटून येतात, मग दांडा कितीही जाड असो.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून कुलूप मागवायचा विचार असेल तर जपून. तिथल्या डेडबोल्टला दारात साधारण 54 मि.मी. व्यासाचं आरपार गोल भोक लागतं. आपल्याकडच्या दारांत बहुधा मॉर्टिस कुलपाचा, म्हणजे दाराच्या कडेत आत बसणाऱ्या कुलपाचा, उभा खाचा असतो, नाहीतर रिम लॉक, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला पृष्ठभागावरच बसवलेली कुलपाची पेटी असते. जुना खाचा आणि नवं भोक यांचा मेळ बसत नाही, दार मात्र पोखरलं जातं. दाराची जाडी आधी मोजून ठेवा.

जाळीच्या सेफ्टी डोअरवर रिम लॉक लावणार असाल, तर बाहेर उभं राहून गजांतून हात घालून बघा. आतल्या कळीपर्यंत बोटं पोहोचत असतील तर डेडबोल्ट असून उपयोग नाही. मुख्य दाराला मात्र आतून किल्लीशिवाय, एका हाताने उघडणारी कळ हवीच. धुरात किल्ली शोधायला वेळ नसतो, आणि आजी-आजोबांना ती कळ फिरवता येते का, हे त्यांच्याच हातून बघून घ्या.

बॅटरी संपल्यावर बाहेरून वीज देण्याची सोय आणि साधी किल्ली, दोन्ही असलेलं मॉडेल निवडा. ती किल्ली घरात ठेवू नका.