हत्यारे की तरसांचे उष्टे? मकापान्सगटच्या हाडांचा वाद

दक्षिण आफ्रिकेतील मकापान्सगट येथील चुनखडीच्या खाणीतून निघालेली हजारो जीवाश्म हाडे तपासताना शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांना एक विषमता आढळली. हरणासारख्या प्राण्यांच्या पुढच्या पायातील दंडाच्या हाडाचे कोपराकडील टोक मुबलक होते, तर खांद्याकडील टोक जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके. ही निवड मानवाच्या पूर्वजांनीच केली असणार, असे मानून त्यांनी १९५७ मध्ये हाडे, दात आणि शिंगे ही ऑस्ट्रालोपिथेकस या मानवसदृश पूर्वजाची हत्यारे असल्याचा सिद्धान्त मांडला. जी हाडे सापडली नाहीत त्यांचे काय झाले, या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील पुराजीवशास्त्रज्ञ सी. के. ब्रेन यांनी १९६० च्या दशकात नामिब वाळवंटातील कुइसेब नदीकाठच्या खोईखोई या स्थानिक पशुपालक समाजाच्या वस्त्यांत शोधले. तेथे शेळीचे मांस खाऊन, मज्जेसाठी हाडे फोडून, उरलेली हाडे कुत्र्यांपुढे टाकली जात. ब्रेन यांनी ती वेचून मोजली, तेव्हा कोणीही मुद्दाम निवड केलेली नसताना जवळपास मकापान्सगटसारखाच हिशेब निघाला. खांद्याकडील टोक पक्के व्हायला वेळ लागतो आणि ते आतून सच्छिद्र असते, त्यामुळे कुत्री ते सहज फस्त करतात; कोपराकडील टोक लवकर पक्के होते, घट्ट असते, म्हणून मागे राहते. याहून बोलके निरीक्षण वाळूतले होते. उन्हाने ठिसूळ झालेल्या हाडांवरून शेळ्यांचे कळप सतत ये-जा करत, आणि वाळूच्या घर्षणाने काही तुकडे इतके गुळगुळीत व टोकदार झाले होते की, ते संग्रहालयात अवजारे म्हणून सहज खपले असते.

प्राणी मेल्यापासून त्याचे जीवाश्म होईपर्यंत अवशेषांचे काय होते, या अभ्यासाला टॅफोनॉमी हे नाव सोव्हिएत पुराजीवशास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी १९४० मध्येच दिले होते. पुढे १९७८ मध्ये अ‍ॅना बेहरेन्समेयर यांनी केनियातील अंबोसेली येथील निरीक्षणांवरून, उघड्यावरचे हाड आधी भेगाळते, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी त्याच्या ढलप्या होतात, या क्रमाचे टप्पे ठरवून दिले. मकापान्सगटचा ढीग आज मुख्यतः तरस आणि साळिंदरांच्या नावे जमा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेतील एका मानवसदृश पिल्लाच्या कवटीवरची दोन भोके तर बिबट्याच्या खालच्या सुळ्यांच्या अंतराशी जुळली.

तरीही डार्ट यांची कल्पना सर्वस्वी निकालात निघाली, असे म्हणता येत नाही. याच स्वार्टक्रान्समध्ये ब्रेन यांना टोके झिजलेली काही हाडे मिळाली आणि कंद खणण्यासाठी ती वापरली असावीत, असे त्यांनी मानले; २००१ मध्ये ल्युसिंडा बॅकवेल आणि फ्रान्चेस्को देरिको यांनी त्यांवरचे बारीक समांतर ओरखडे प्रयोगात वापरलेल्या हाडांवरील ओरखड्यांशी ताडून पाहिले आणि ती वाळवीची वारुळे उकरण्याची अवजारे ठरवली.