थ्री नॉट थ्रीसारखी दिसते, पण थ्री नॉट थ्री नव्हे

सातारा जिल्ह्यात फौजेशी नातं नसलेलं गाव शोधावं लागतं. अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि तिथं आजही घरोघरी कुणीतरी फौजी आहेच. तरीसुद्धा संचलनात लाकडी दस्त्याची, चपट्या तोंडाची रायफल दिसली की पारावरचा निकाल ठरलेला: "थ्री नॉट थ्री!" बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण थेट तशीच दिसणारी दुसरी एक रायफल आहे, ७.६२ मिमीची २ए१, आणि तिला थ्री नॉट थ्री म्हणून कित्येकांनी आयुष्य काढलंय.

घोटाळा होण्याचं कारण साधं आहे. दोन्ही बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनल्या आणि आराखडाही एकच, ली एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीचा. तोच बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा), डाव्या बाजूला तोच सेफ्टी कॅच, नळीवर पुढेपर्यंत तेच लाकूड. फरक बघायचा तर नजर मॅगझीनवर ठेवा. थ्री नॉट थ्रीच्या मॅगझीनचा तळ तिरका असतो, २ए१ची मॅगझीन म्हणजे सरळ चौकोनी डबा. पहिलीत १० गोळ्या, दुसरीत १२.

थ्री नॉट थ्रीचं हे रूप, मार्क थ्री, १९०७ सालचं. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी पलटणींना मार्सेय बंदरात उतरल्यावर जुन्या रायफली देऊन हीच मिळाली. तिचा खरा गुण बोल्टमध्ये आहे. बोल्ट पकडून ठेवणारे खटके पुढे नळीपाशी नसून मागे आहेत, त्यामुळे तो थोडाच फिरवावा लागतो, थोडाच मागे खेचावा लागतो, आणि मूठ ट्रिगरच्या अगदी जवळ राहते. स्प्रिंग ताणण्याचं कामही बोल्ट पुढे ढकलताना होतं, उघडताना हाताला जोर लागत नाही. ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला १५ नेमके बार अपेक्षित असत, ते या रचनेच्या जोरावर. चिखल-धुळीतही ती सहसा अडत नाही.

पण याच मागच्या खटक्यांनी तिचा एक दोषही आणला. बार उडाला की सगळा दाब मागे जातो, पोलाद किंचित ताणलं जातं, आणि जुन्या झिजलेल्या रायफलीत काडतुसाची पुंगळी बुडापाशी फाटू शकते. म्हणून बोल्टवर त्या-त्या रायफलीचाच नंबर ठोकलेला असतो. साफसफाईला चार रायफली एकत्र उघडल्या आणि बोल्टांची अदलाबदल झाली, तर ती चूक चेष्टेवारी नेण्यासारखी नसते.

दुसरा दोष गोळीचा. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे बसली, की बोल्ट ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी रायफल जाम. चार्जर क्लिप, म्हणजे काडतुसं धरणारी पट्टी, नीट भरायला शिकवताना उस्तादांचा आवाज चढायचा तो उगीच नव्हे. त्यात जुन्या दारूगोळ्याचा क्षार नळीला गंज चढवायचा, म्हणून नुसत्या पुलथ्रूवर, म्हणजे नळीतून दोरीनं ओढायच्या चिंधीवर, भागत नसे, नळीतून उकळतं पाणी ओतावं लागे. लाकडाचं तर विचारूच नका. पाटण-जावळीच्या पावसात दारं फुगतात तसं तेही फुगतं, नळीला रेटतं, आणि नेम सरकतो.

आता २ए१. १९६२ च्या युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्रीचा बोल्ट मागे-पुढे करत होते, आणि चिन्यांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी रायफल, आली, पण ती सगळ्यांच्या हाती पोचायला वेळ लागणार होता. ईशापूरमध्ये जुन्या रायफलीचे साचे, यंत्रं, कारागीर सगळं तयार होतं. मग तीच रायफल एसएलआरच्या ७.६२ गोळीसाठी नव्यानं बनवली. अनेकांना वाटतं की जुन्या थ्री नॉट थ्रीला फक्त नळी बदलून दिली. तसं नाही. या गोळीचा दाब जास्त, म्हणून पोलादच अधिक चांगल्या प्रतीचं घेतलं. गोळीला बाहेर आलेली कडा नाही, त्यामुळे ते अडकणं संपलं. २ए१ च्या आधीच्या २ए चं बॅकसाइट (नेम धरायची मागची खाच) २००० मीटरपर्यंतचं होतं, ते २ए१ मध्ये ८०० वर आणलं. हे मला फार आवडतं. दोन हजार मीटरवरचा माणूस उघड्या डोळ्यांनी दिसतो कुणाला?

एक सांगून ठेवतो, नुसत्या ७.६२ या आकड्यावर जाऊ नका. एके-४७ चीही गोळी ७.६२ च, पण तिची पुंगळी ३९ मिमी लांब, एसएलआर आणि २ए१ ची ५१. एकीची दुसरीत चालत नाही. थ्री नॉट थ्रीचा तर प्रश्नच नाही, तिची पुंगळी ५६ मिमीची. याशिवाय पोलिसांकडे ४१० मस्केट नावाची बंदूक असायची, तीही थ्री नॉट थ्रीच्याच अंगावर बनवलेली, एकाच बाराची. म्हणजे पारावर चुकायला तिसरीही जागा आहे.

दोघींत चांगली कोणती? यंत्र म्हणून माझं मत २ए१ ला. पण काळाच्या हिशेबात थ्री नॉट थ्री मोठी, कारण १९१४ मध्ये ती कुणाच्याही मागे नव्हती, आणि २ए१ जन्मली तेव्हाच मागे पडलेली होती. गोळीचं दुखणं तिनं बरं केलं, पण दर बाराला हातानं बोल्ट ओढायचा हे मूळ दुखणं तसंच राहिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत एके-४७ समोर थ्री नॉट थ्री होती. तिच्या जागी २ए१ असती तरी फार काही बदललं नसतं.

एसएलआर आपोआप भरते, हे तिचं वरचढपण अंत्यविधीच्या सलामीत मात्र उतरतं. तिथं ब्लँक काडतूस असतं, गोळीच नसल्यानं नळीत दाब टिकत नाही आणि रायफल आपोआप भरत नाही. तिन्ही फैरींना एसएलआरवालाही हातानंच कॉक करतो.