बाबांना ऐकू येईल अशी रिंगटोन

बाबा खुर्चीत पेपर वाचत बसलेले. फोन समोर टेबलावर. फोन वाजतोय आणि बाबांना पत्ताच नाही. आतल्या खोलीतून आई ओरडते, "अहो, फोन वाजतोय तुमचा!" हे रोजचंच व्हायला लागलं, तेव्हा मी फोन हातात घेऊन पाहिला. आवाज पूर्ण वर होता. समोर बसून बोललेलं बाबांना नीट ऐकू येतं, दारावरची थाप कळते. मग हातभर अंतरावर वाजणारी रिंगटोनच तेवढी का निसटावी?

फोन जुना, बटणांचा. त्यात भरून आलेल्या रिंगटोन एकेक करून वाजवल्या तेव्हा उलगडा झाला. सगळ्या टिपेच्या होत्या. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी उंच सूर टिपतात आणि आत टोकाकडच्या पेशी खालचे सूर टिपतात. वयाबरोबर आधी झिजतात त्या तोंडाशी असलेल्या. म्हणून उतारवयात पहिल्यांदा जातो तो पक्ष्यांचा चिवचिवाट आणि यंत्रांची बारीक 'बीप बीप'. माणसाचं बोलणं मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतं. बाबांचं नेमकं तेच झालं होतं.

फोन बनवणाऱ्यांनी उंच पट्टी उगाच निवडलेली नाही. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची असते आणि पडद्यापाशी ती बंद होते. एका बाजूनं बंद असलेली नळी, तिच्या चौपट लांबीची ध्वनिलहर आली की घुमते. चौपट म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ही लहर ३,४०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ३,४०० कंपनांची भरते. म्हणून तरुण कान तीन हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असतो, आणि फोनमध्ये आवाज काढणारा चिमुकला बझरही त्याच भागात जोरात वाजतो. थोड्या बॅटरीत जास्तीत जास्त आवाज मिळवायचा तर याहून चांगली जागा नाही. फक्त ती बाबांच्या कानांची जागा राहिलेली नाही.

तेव्हा ठरवलं, रिंगटोन आपणच करायची. हे काम मला नवं नव्हतं. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्ये 'कंपोझर' नावाची सोय होती आणि तिच्यावर मी तासन्‌तास घालवलेत. १ ते ७ ही बटणं म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनातले सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. आपल्या भाषेत सरळ सा, रे, ग, म, प, ध, नी. ८ दाबलं की सूर आखूड, ९ दाबलं की लांब, शून्य म्हणजे विश्रांती, तारा दाबला की सप्तक बदलतं. चौकटीच्या बटणानं सूर अर्ध्या पायरीनं चढतो. त्यामुळे कोमल गंधार हवा असेल तर २ दाबून चौकट दाबायची. फोनच्या लेखी तो कोमल ग नसून चढवलेला रे. कान दोन्ही एकच मानतो, पण पेटी शिकलेल्या माणसाला ते लिहिताना चमत्कारिक वाटतं.

याच सुरावटी मजकुराच्या रूपात लिहिण्यासाठी नोकियानं आरटीटीटीएल ही लिपी केली. तिच्यातली एक ओळ अशी दिसते, फक्त मुळात अक्षरं रोमन असतात:

सरगम:डी=८,ओ=५,बी=१२०:सी,ई,जी,४पी,सी६

आधी सुरावटीचं नाव. मग तीन गृहीतं: सांगितलं नसेल तर प्रत्येक सूर एक-अष्टमांश लांबीचा, सप्तक पाचवं आणि लय मिनिटाला १२० ठोके. ठोका म्हणजे पाव सूर, तो इथे अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे अष्टमांश सूर पाव सेकंदाचा झाला. पुढे सा, ग, प, मग अर्धा सेकंद शांतता, कारण पी म्हणजे विराम, आणि शेवटी वरचा सा. या एका ओळीवरून ही लिपी समजणारा कुठलाही फोन तीच सुरावट वाजवतो. मला ही लिपी फार आवडते. अनोळखी माणसालाही ती दहा मिनिटांत वाचता येते.

हे सूर एसएमएसमधून दुसऱ्या फोनवर जात, तो भाग तर मला आजही थक्क करतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. त्यातले सात बाइट पत्त्यासाठी खर्च होतात. हा निरोप वाचायचा नाही, रिंगटोनच्या खात्यात टाकायचा आहे, हे फोनला त्यावरून कळतं. उरले १३३ बाइट, म्हणजे बाइटला आठ या हिशेबानं १,०६४ बिट. नोकियाच्या पद्धतीत एका सुराला बरोबर १२ बिट लागतात. 'पुढे सूर येतोय' हे सांगायला तीन. कोणता सूर, यासाठी चार: चार बिटांत १६ पर्याय बसतात, आपल्याला बारा स्वर आणि एक विराम असे तेराच हवेत. किती लांब, यासाठी तीन. आणि सुराला दीडपट वगैरे करणाऱ्या ठिपक्यासाठी दोन. नाव, लय, सप्तक यांचा खर्च वजा जाता एका निरोपात सत्तर-ऐंशी सूर जेमतेम बसतात. सप्तक प्रत्येक सुरासोबत न लिहिता, बदलेल तेव्हाच पाच बिटांची वेगळी सूचना द्यायची, ही काटकसर ज्यांना सुचली त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. १९९८ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीनं अशा सुरावटी करून हवेतून पाठवण्याची सेवा सुरू केली. तिचं नाव होतं 'हार्मोनियम'.

नाव मोठं समर्पक होतं, कारण पेटीवर घेतला जाणारा जुना आक्षेप या रिंगटोनांनाही लागू पडतो. बारा सूर बांधलेले. दोन सुरांच्या मधली जागा नाही, मींड नाही. शिवाय प्रत्येक अर्धी पायरी एकसारखी, मागच्याच्या १.०५९५ पट. सा ५२३.२५ हर्ट्झवर धरला तर शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ६५४ हर्ट्झवर हवा. फोन वाजवतो ६५९ हर्ट्झचा. पाच हर्ट्झनं चढा. तंबोऱ्याशी मुरलेल्या कानाला ते बोचतं.

आणि आवाजाचा पोत? तो चरचरीत असायचा, कारण फोन बझरला फक्त 'चालू' आणि 'बंद' एवढंच सांगत असे. सेकंदाला ५२३ वेळा चालू-बंद केलं की सा. अशा चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम पटीतले सूर आपोआप येतात. त्यांतूनच तो ओळखीचा कर्कशपणा तयार होतो.

पुढे एकाच वेळी अनेक सूर वाजवणारे फोन आले. त्यांच्या मिडी फाइली म्हणजे पुन्हा सूचनांची यादीच, फक्त वाद्यांची नावं त्यात वाढली. एकच फाइल दोन फोनवर वेगळी का वाजते, याचं उत्तर त्यातच आहे: वाद्यांचे आवाज फाइलमध्ये नसून फोनच्या चिपमध्ये असतात.

बाबांचा फोन त्यानंतरच्या पिढीतला आहे. तो एमपीथ्री वाजवतो, मेमरी कार्ड घेतो. तेव्हा सोपं काम, असं समजून मी तबल्याच्या रेकॉर्डिंगमधला वीस सेकंदांचा तुकडा कापला. हेडफोनवर तो दणदणीत होता. बाबांच्या फोनवर नुसती टिकटिक ऐकू आली. चाटीवरचे बोल होते, डग्ग्याचा घुमारा संपूर्ण गायब.

कारण साधं आहे. आवाज म्हणजे हवा ढकलणं, आणि सूर जितका खालचा तितकी जास्त हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असला तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. नखाएवढ्या पडद्याला ते शक्यच नाही. पाचशे हर्ट्झच्या खाली तो हळूहळू हात टेकतो. म्हणजे मला वरून आणि खालून, दोन्हीकडून मर्यादा. बाबांचे कान दोन हजारांच्या वर साथ देत नाहीत, फोन पाचशेच्या खाली देत नाही. रिंगटोन या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात बसवायची होती. हेडफोन लावून रिंगटोन करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: ती ज्या स्पीकरवर वाजणार आणि ज्या कानात जाणार, त्यांच्यासाठी करा.

शेवटी घरातली पेटी काढली आणि मध्य सप्तकातले सा, ग, प, वरचा सा असे सूर ठाशीव वाजवून रेकॉर्ड केले. पेटीचा मधला सा, सफेद एकमधला, सुमारे २६२ हर्ट्झचा. तो तर फोनला वाजवताच येणार नाही, मग पेटी कशाला? कारण पेटीची पत्ती मूळ सुराबरोबर दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे सूरही भरभरून देते. ५२३, ७८५, १,०४६ हर्ट्झ हे सगळे आपल्या पट्ट्यात. आणि मेंदू असा की ही शिडी ऐकू आली की तिची खालची पायरी तो स्वतः भरून काढतो. तंबोऱ्याचा खर्ज छोट्याशा रेडिओवरही कळतो तो असाच.

मग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्राममध्ये काटछाट. फोनला स्पीकर एकच, म्हणून आवाज मोनो केला. ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळलं, कारण ते ऐकू तर येत नाहीच, वर पडद्याला फडफडवून बाकीचे सूर खराब करतं. सुरुवातीची शांतता कापली. रिंगटोन पहिल्या क्षणाला वाजली पाहिजे. कापताना लहर मोठी करून बघायची आणि ती मधल्या शून्य रेषेला छेदते तिथेच काप द्यायचा. नाहीतर पडदा एकदम झटका खातो आणि 'टक्' असा आवाज येतो. शेवटी आवाजाची पातळी वर आणली आणि ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटांच्या, स्थिर दरानं एमपीथ्री केली. जुने फोन बदलत्या दराच्या फाइलींवर पुष्कळदा अडखळतात, म्हणून स्थिर दर. वीस सेकंदांची मूळ स्टिरिओ फाइल साडेतीन एमबीची झाली असती, ही झाली १६० केबीची.

त्याहून लहान हवी असेल तर एएमआर हा प्रकार असतो. पण त्यात संगीत घालू नये. तो बोलण्यासाठी बेतलेला आहे: २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेऊन माणसाचा गळा आणि तोंड यांच्या प्रतिरूपानं तो पुन्हा उभा करतो. पेटीला गळा नसतो, त्यामुळे तिचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो. माझ्या मुलीचं "आबा, फोन घ्या!" मात्र त्यात सुरेख बसलं. ते मी माझ्या नंबरापुरतं लावलं.

फाइल फोनवर न्यायचे मार्ग आता थोडेच उरलेत. इन्फ्रारेडच्या काळात दोन फोन नाकासमोर नाक ठेवून, पंधरा अंशांहून जास्त न कलता, उन्हापासून दूर धरावे लागत. ब्लूटूथनं ते कष्ट संपवले, पण फाइल देण्याघेण्याची बोली इन्फ्रारेडचीच उचलली, ओबेक्स नावाची. म्हणूनच आजच्या अँड्रॉइड फोनवरून पाठवलेली फाइल वीस वर्षांपूर्वीचा फोनही ओळखतो. आयफोन मात्र अशी फाइल पाठवत नाही.

बाबांच्या फोनचं ब्लूटूथ बिघडलेलं, म्हणून कार्ड. नवं ६४ जीबीचं कार्ड घातलं तर फोननं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीनं मांडलेली येतात आणि ती मांडणी या फोनच्या जन्मावेळी नव्हतीच. ड्रॉवरमधून जुनं दोन जीबीचं कार्ड शोधलं, फाइलला रोमन अक्षरांत चार अक्षरी नाव दिलं, म्युझिकच्या फोल्डरमध्ये टाकली. फोननं लगेच दाखवली.

संध्याकाळी आईच्या फोनवरून बाबांना फोन लावला आणि दाराआडून पाहत राहिलो. सा वाजला, बाबांनी पेपरवरून मान वर केली. ग वाजेपर्यंत हात टेबलाकडे गेला होता.