परकीय भाषाध्ययन : मराठी भाषकांच्या अडचणी

मातृभाषेच्या सवयी पक्क्या झाल्यावर परदेशी भाषा शिकताना व्याकरण आणि उच्चार या दोन्ही अंगांनी अडचणी येतात. ठाणे व नवी मुंबईत जर्मन, फ्रेंच, जपानी या भाषा शाळा-महाविद्यालयांत आणि खाजगी वर्गांत शिकल्या जातात. मात्र समजावणी बहुधा इंग्रजीतून होते, आणि मराठी विद्यार्थ्याच्या कितीतरी अडचणी या मधल्या भाषेमुळे वाढतात.

कान अनोळखी ध्वनी ओळखीच्या ध्वनीत बसवतो, याचा जुना पुरावा ठाणे परिसरातच आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, त्यापूर्वी तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या 'पाव' या शब्दाच्या मूळ रूपातला सानुनासिक संयुक्त स्वर मराठी तोंडी उरला नाही. आजचा विद्यार्थीही फ्रेंचमधील 'रस्ता' आणि 'चाक' या अर्थांचे दोन शब्द सारखेच 'रू' असे उच्चारतो, कारण ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणण्याची त्याला सवय नसते. याउलट फ्रेंच 'त' मराठी 'त'च्या अगदी जवळ असूनही रोमन अक्षर पाहताच इंग्रजीच्या वळणाने त्याचा 'ट' होतो. 'वेळ' या अर्थाच्या जर्मन 'त्साइट'चे 'झाइट' होते तेही असेच. वास्तविक हा ध्वनी 'चमचा'तल्या 'च'मध्ये लहानपणापासून जिभेवर असतो.

व्याकरणात जर्मनची तीन लिंगे इंग्रजी भाषकाला नवलाची वाटतात, मराठी भाषकाला नव्हेत. त्याची खरी अडचण पाठांतराची आहे: जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी असते, आणि मराठीतले लिंग येथे आधाराला येत नाही. विभक्तीत मात्र मराठी चांगली वाट दाखवते. 'मिर इस्ट काल्ट' हे शब्दशः 'मला थंड आहे' असे असल्याने 'मला थंडी वाजते' म्हणणाऱ्याला त्यातली चतुर्थी सहज उमगावी. पण ते वाक्य इंग्रजीतून समजावले की तेथे कर्ता शोधण्याची विनाकारण खटपट सुरू होते.

जपानीची वाक्यरचना मराठीला विलक्षण जवळची आहे. 'ठाणे नि इकिमासु' म्हणजे 'ठाण्याला जातो': 'नि' हा 'ला'प्रमाणे नामामागून येतो आणि क्रियापद शेवटी बसते. मराठीत नामाचे सामान्यरूप करावे लागते, जपानीत तेही नाही. अडचण येते ती लिपीत, कारण नित्य वापराच्या अधिकृत कांजी चिन्हांची संख्या 2,136 आहे; आणि स्वरांच्या लांबीतही. 'ओबासान' म्हणजे काकू, तर 'बा'मधला 'आ' दुप्पट लांबवला की आजी. मराठीत बोलताना ऱ्हस्वदीर्घाने अर्थ क्वचितच बदलत असल्यामुळे हा भेद कानाला प्रथम जाणवतच नाही, आणि लिहिलेले अचूक वाचणारा विद्यार्थीही ऐकून लिहिताना येथे चुकतो.