जुनं रोटरी आणि वॅन्केल रोटरी: घरी बांधलेल्या विमानात नेमकं घाबरायचं कशाला?

घरी बांधलेल्या विमानात रोटरी इंजिन बसवायचं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. ते स्वतःच गरगर फिरून विमान वळवतं, आणि ते एरंडेल पितं. दोन्ही खरे आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाबद्दल. आज कोणी रोटरी म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात माझ्दाच्या मोटारींतलं 13बी हे वॅन्केल इंजिन असतं. (रोटॅक्स 912 यात ओढू नका, ते चार सिलिंडरचं सरळसाधं पिस्टन इंजिन आहे.)

पहिल्या महायुद्धातल्या नोम, ल रोन, क्लेर्जे या इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असे. सिलिंडर, क्रँककेस आणि पंखा सगळं मिळून त्याभोवती फिरे. वजन कमी, थंड ठेवायला सोपं. पण एवढं वजन फिरत असल्यामुळे 1917 साली भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक उडवत होते त्या सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानाचं नाक उजव्या वळणात खाली जाई आणि डाव्या वळणात वर. इंधनाचं मिश्रण क्रँककेसमधून जाई, त्यात खनिज तेल धुऊन निघे, म्हणून पेट्रोलमध्ये सहज न मिसळणारं एरंडेल वापरत. ते टाकीत परत येत नसे, मागे वैमानिकाच्या तोंडावर उडे. पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको. आज हे इंजिन जपून ठेवलेली जुनी विमानं आणि त्यांच्या प्रतिकृती यांपुरतंच उरलं आहे. सिलिंडर ताऱ्यासारखे मांडलेले पण जागेवर स्थिर असतील तर ते रेडियल, डकोटा विमानाला असतं तसं.

वॅन्केलमध्ये बाहेरचं घर (हाउसिंग) स्थिर असतं, आत तिकोनी रोटर फिरतो. 13बीत असे दोन रोटर, प्रत्येकी 654 सीसी. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत, म्हणजे पिस्टन इंजिन हवेत अचानक बंद पाडणारे बरेच भाग मुळात नाहीतच. वॅन्केल हा प्रयोगशाळेतला लाडका प्रकारही नव्हे. एएसएच 26 ई हे ग्लायडर याच्याच जोरावर स्वतः उड्डाण करतं, आणि अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेचा सहभाग असलेलं देशी वॅन्केल 2009 मध्ये निशांत या मानवरहित विमानावर उडालं.

रोटरच्या टोकाची अ‍ॅपेक्स सील तुटते ती बहुतेक करून डेटोनेशनने (इंधन नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटण्याने), त्यातही टर्बो लावून जास्त दाब दिला की. तेव्हा एका रोटरची ताकद जाते, इंजिन थरथरतं, पण दुसरा रोटर चालू राहतो. उंची टिकेलच असं नाही, उतरायची जागा शोधायला वेळ मात्र मिळतो. सीलची तब्येत आधी कळते: स्टार्टरने इंजिन 250 आरपीएमला फिरवून प्रत्येक रोटरच्या तिन्ही ठोक्यांचा दाब (कॉम्प्रेशन) मोजायचा. कॉम्प्रेशन चौरस सेंटिमीटरला 6 किलोच्या खाली किंवा एकाच रोटरच्या ठोक्यांत दीड किलोहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडा.

खरी भीती इंजिनाच्या भोवती आहे, आणि नागपुरात ती सगळ्यात आधी रेडिएटरपाशी दिसते. रोटर आतून ऑइलने थंड होतो, त्यामुळे पाण्याइतकंच लक्ष ऑइल कूलरकडे हवं. पाणी 100 अंशांवर धरलं तर 15 अंशांच्या हवेत फरक 85 अंशांचा. मे अखेरच्या नवतपात 45 अंशांच्या हवेत तोच 55. वर हवाही सुमारे 13 टक्के विरळ. म्हणजे थंड देशातल्या नकाशावरून मापून बसवलेला रेडिएटर इथे साठ टक्क्यांच्या आसपासच काम करणार. त्यावर हवा आत घेणारं तोंड मोठं कापणं हा उपाय बहुतेक जण करतात आणि तो फसतो, कारण गरम हवेला बाहेर जायला वाट नसते. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की खोलीचं जे होतं तेच. आधी काउलचं (इंजिनावरच्या आवरणाचं) हवा बाहेर सोडणारं तोंड वाढवा.

एकदा इंजिन गरम मारलं की लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या घरांमधली पाण्याची सील जाते. मग पाण्याच्या टाकीत बुडबुडे, सुरू करताना पांढरा धूर, पाणी कमी होत राहणं. अशा इंजिनात नुसतं पाणी भरून उडू नका. एक्झॉस्टही पिस्टन इंजिनापेक्षा बराच गरम असतो. साधा पाइप तडकतो, शेजारची इंधनाची नळी भाजते. स्टेनलेस वापरा, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या.

गिअरबॉक्स टाळता येत नाही. 13बी ताकद देतं ते 6,000 आरपीएमच्या आसपास, आणि 1.83 मीटरचा पंखा त्या गतीला फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला 575 मीटर, म्हणजे आवाजाच्या कितीतरी पुढे. 2.17:1 गिअरने पंखा सुमारे 2,765 वर येतो. सोनेगावच्या फ्लाइंग क्लबच्या सेसना 152 ला हा भागच नाही, तिथला पंखा थेट क्रँकशाफ्टवर. म्हणून 13बीच्या गिअरबॉक्सचा रबरी डँपर आणि ऑइलमधला लोखंडाचा कीस दर सर्व्हिसला बघायचा.

सगळ्यात जास्त दगा इंधन आणि वीज देतात. इंजेक्शन, इग्निशन, पंप मिळून 15 अँपिअर धरले तर अल्टरनेटर गेल्यावर 18 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 72 मिनिटं चालते. उन्हात जुनी झालेली बॅटरी असेल तर अर्धी धरा. पंप दोन, इंजिन कंट्रोलर दोन, प्रत्येकाचा फ्यूज वेगळा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं. त्याने फायबरची टाकी आणि साधे रबरी पाइप खराब होतात आणि पाणीही ओढलं जातं. सीलच्या वंगणासाठी थोडं थोडं ऑइल सोडणारा माझ्दाचा मीटरिंग पंप काढला असेल तर पेट्रोलमध्ये लिटरला साधारण 8 मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळा, आणि हे मिश्रण बाटलीत रात्रभर ठेवून ऑइल तळाशी बसत नाही ना ते बघा.

पहिल्या उड्डाणाआधी शेपूट खाली करून, चढताना असतं त्याहून थोडं जास्त नाक वर ठेवून, प्रत्येक पंप एकट्याने चालवून इंधन मोजा. पूर्ण ताकदीला ताशी 55 लिटर लागत असतील तर एका पंपाने 69 लिटर तरी द्यायला हवं. ही चाचणी मे महिन्यात दुपारी तीनला, टाकी जवळपास रिकामी आणि काउल तापलेलं असताना घ्या. सकाळी सहाला ती जवळजवळ कुठलंही विमान पास होतं.