एकाच विंडोजवर दोन-तीन लिनक्स: प्रोग्रामिंगची साधने बसवताना

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय. तिच्यामुळे उबंटू, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या डिस्ट्रो (वेगवेगळ्या तयार आवृत्त्या) एकाच मशीनवर शेजारीशेजारी नांदतात. पण उबंटूत जीसीसी हा कंपायलर (कोडचा प्रोग्राम करणारे साधन) बसवला म्हणून तो डेबियनला मिळत नाही. प्रत्येक डिस्ट्रोची फाइल सिस्टीम वेगळी, म्हणून कंपायलर, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन), पायथन प्रत्येकीत नव्याने टाकावे लागतात. कर्नल (लिनक्सचा गाभा), मेमरी आणि नेटवर्क मात्र सामाईक. उबंटूत ३००० पोर्टवर (नेटवर्कवरच्या क्रमांकित जागेवर) सर्व्हर चालू असेल, तर डेबियनमधला त्याच पोर्टवर उठणार नाही. कोड तपासण्याआधी दुसऱ्या डिस्ट्रोची खिडकी पाहा.

विंडोज ११ किंवा विंडोज १० ची २००४ अथवा पुढची आवृत्ती हवी. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) वेगळे काही न सांगितल्यास उबंटू येते, दुसरी डिस्ट्रो हवी तर पुढे '-डी' आणि तिचे नाव. ०एक्स८०३७०१०२ ही एरर आली, तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनमध्ये दुसरे चालवण्याची सोय, बंद असते. लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो.

कंपायलरसाठी उबंटू-डेबियनमध्ये आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. पहिली कमांड गाळली की पॅकेज सापडत नाही. फेडोरात त्या नावाचे पॅकेजच नाही. तिथे डीएनएफने (फेडोराचे पॅकेज बसवायचे साधन) जीसीसी, जीसीसी-सी++ आणि मेक मागावे लागतात.

पायथनला जास्त अडखळायला होते. डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ मध्ये पिप (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) थेट सिस्टीमवर काही बसवू देत नाही. नकार मोडून काढायचा पर्याय आहे, पण तो वापरू नका, कारण डिस्ट्रोची स्वतःची साधने त्याच पायथनवर चालतात. 'पायथन३-व्हेन्व्ह' पॅकेज टाका आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळे एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांची स्वतंत्र जागा) करा.

प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवला तर प्रत्येक फाइलसाठी लिनक्सला विंडोजचे दार ठोठवावे लागते, आणि हजारो छोट्या फाइली असल्या की बिल्ड (कोडचा प्रोग्राम तयार होणे) रेंगाळतो. विंडोजमध्ये सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची फाइल) 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत अडली आणि सोबत '^एम' दिसले, तर ओळीअखेरची विंडोजची खूण आड येते आहे. फाइलवर 'डॉसटूयुनिक्स' चालवा.

डिस्ट्रो काढताना सावध राहा. 'डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर' काहीही न विचारता तिच्यातल्या सगळ्या फाइली पुसते. आधी '--एक्स्पोर्ट' करून सगळे एकत्र बांधलेली टार फाइल बाजूला काढून ठेवा.